ग्रामसभेच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस बसेना, तर

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली-चंद्रपुरातल्या कितीतरी ग्रामसभा आपलं जंगल आपण सांभाळू लागल्या, आणि त्यासोबत कागदही वाढला. जंगलाच्या हद्दीचे नकाशे, बांबूचे वाहतूक परवाने, तेंदूच्या फळीवर कुणी किती पुडे आणले त्याची नोंद. हे सगळं एका जागी ठेवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि नकाशांसाठी पोस्टजीआयएस यासारखी जोडी नाही. मोफत आहे आणि क्यूजीआयएसला थेट जोडता येते. पण आपल्याकडे लाइन जाते, नेट तुटतं, मशीन जुनं असतं. त्यामुळे बसवतानाच गाडी अडते. पुढची कृती उबुंटू 22.04 आणि त्यासोबत येणारं पोस्टग्रेस 14 धरून दिली आहे.

अडलं की सगळं काढून पुन्हा बसवायचं, ही सवय आधी सोडा. पर्ज करताना जुना डेटाही पुसायचा का, असं विचारलं जातं. घाईत होकार दिला तर अख्ख्या हंगामाचा हिशेब जातो. स्क्रीनवर दिसणाऱ्या शेवटच्या ओळीवरही जाऊ नका. वर सरकत जाऊन पहिली चूक कुठे आली ते शोधा आणि ती वहीत जशीच्या तशी उतरवा. खालच्या बहुतेक ओळी त्या एकीच्याच पोटातून आलेल्या असतात.

मग घड्याळ पाहा. बरेच दिवस बंद पडून राहिलेल्या मशीनमधला सीआर2032 सेल संपलेला असतो आणि तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. अशा वेळी एपीटी ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं सांगून थांबतं, आणि माणूस बिचारा नेटला दोष देत बसतो. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. त्याच बैठकीत ‘डीएफ -एच’ चालवून डिस्कवर जागा आहे ना, तेही बघून घ्या.

बसवता बसवता लाइन गेली असेल तर ‘डीपीकेजी मध्येच थांबलं’ असा संदेश येतो. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या, नंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. लॉक मिळत नाही असं म्हणत असेल, तर बहुतेक वेळा उबुंटूचं स्वतःचं अपडेट मागे चालू असतं. ते संपू द्या. लॉकची फाइल हाताने उडवू नका. त्याने पॅकेजची नोंदच बिघडते.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि नेटचाही भरवसा नसतो. तेंदूचा हंगाम तर मे महिन्यात, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच पॅकेज पेनड्राइव्हवर आणून ठेवा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच आवृत्तीचं, नुकतंच बसवलेलं उबुंटू घ्या आणि एपीटीला ‘--डाउनलोड-ओन्ली’ हा पर्याय द्या. जुनं, वापरातलं मशीन घेऊ नका. त्यात आधीच असलेली पूरक पॅकेज ते उतरवतच नाही आणि गावात आल्यावर नेमकं तेच कमी पडतं.

पॅकेज बसलं, तरी पोस्टग्रेस चालू झालं असं समजू नका. सिस्टमसीटीएलमध्ये ‘पोस्टग्रेसक्यूएल’ ही सेवा हिरवी दिसते, पण ती नुसती नावाची असते. खरं काम क्लस्टर, म्हणजे डेटा सांभाळणारा प्रत्यक्ष सर्व्हर, करतो. म्हणून ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवा. क्लस्टर, पोर्ट, स्थिती आणि लॉगची जागा, सगळं एका ओळीत दिसतं. ‘डाउन’ दिसलं तर तो लॉग उघडा. डेटा फोल्डरची मालकी किंवा परवानगी बिघडली असेल, तर मालक ‘पोस्टग्रेस’ हा वापरकर्ता आणि परवानगी 0700 करा. पोर्ट 5433 दिसला, तर मशीनवर आधीचा एखादा क्लस्टर 5432 अडवून बसला आहे. क्यूजीआयएसमध्ये 5433 लिहा म्हणजे भागलं.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. सर्व्हरचं लोकेल ‘सी’ असताना क्लस्टर तयार झाला, तर तो एसक्यूएल_अॅस्की या एन्कोडिंगमध्ये बनतो. चूक कुठेच दाखवत नाही, मराठी नावंही साठवतो, पण त्याला अक्षर कळत नाही, फक्त बाइट कळतात. पीएसक्यूएलमध्ये लेंग्थ वापरून ‘गडचिरोली’ची लांबी विचारा. उत्तर 8 आलं तर ठीक. 24 आलं तर तिथेच थांबा, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं आणि तो तेच मोजतो आहे. पुढे शोध आणि नावाची काटछाट, दोन्ही चुकतील. डेटाबेस रिकामा आहे याची खात्री करून घ्या, मगच ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर’ने तो क्लस्टर काढा आणि ‘पीजी_क्रिएटक्लस्टर’ला यूटीएफ-8 लोकेल देऊन नवा बनवा. नोंदी भरल्यावर हे काम फार जड जातं.

पोस्टजीआयएस जोडताना कंट्रोल फाइल सापडत नाही असं आलं, तर पॅकेज बसलेलंच नाही किंवा भलत्याच आवृत्तीचं आहे. 14 साठीचं पोस्टजीआयएस 3 घ्या. नकाशांसाठी यूटीएमचा विभाग 44 उत्तर, म्हणजे 32644 हा क्रमांक लावा. पुण्या-मुंबईकडचे नमुने 32643 वर असतात. तो क्रमांक इथल्या जीपीएस मोजणीला चिकटवला की गावाची हद्द शेकडो किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडते.

‘पीअर ऑथेंटिकेशन’ची चूक आली तर ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ने आत जा, पासवर्डसह वेगळा वापरकर्ता बनवा आणि लोकलहोस्टवरून जोडा. पीजी_एचबीए फाइलमध्ये ‘ट्रस्ट’ लिहून वाट मोकळी करू नका. डेटाबेसमध्ये गावाचा मजुरीचा हिशेब आहे, तो कुणालाही बिनपासवर्ड दिसता कामा नये.

शेवटी मशीन रीस्टार्ट करा आणि क्लस्टर आपोआप ‘ऑनलाइन’ येतो का पाहा. एक नोंद भरा, ‘पीजी_डंप’ने प्रत काढा, ती दुसऱ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उतरवून नोंद परत वाचा. वाचता आली, की खऱ्या नोंदी भरायला घ्या.