दूरस्थ प्रवेशाचा परीक्षक : एक विश्वासाचा व्यवसाय

तळोजा औद्योगिक वसाहतीतील रासायनिक, पोलाद आणि अन्नप्रक्रिया उद्योगांच्या फाटकांवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक इसमाची नोंद होते. परंतु त्याच कारखान्याच्या सर्व्हरमध्ये पुण्याहून किंवा परदेशातून जाळ्याच्या मार्गाने शिरून यंत्रणा दुरुस्त करणारा अभियंता कोण, त्याला किती अधिकार दिले आहेत, आणि त्याचे काम संपल्यावर ते काढून घेतले आहेत काय, याची चौकशी मात्र पुष्कळ ठिकाणी होत नाही. ही चौकशी पद्धतशीरपणे करून तिचा लेखी अहवाल देणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला असून, संगणकक्षेत्र म्हणजे केवळ प्रोग्रॅमिंग, असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या भवितव्याच्या काळजीत असलेल्या पालकांनी त्याचा साक्षेपाने विचार करावा.

या कामाची निकड आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचली आहे. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक सॉफ्टवेअरने जगभर थैमान घातले तेव्हा न्हावाशेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. एका संगणकावर हाती लागलेले प्रवेशाधिकार वापरून दुसऱ्यात शिरणे, ही त्या सॉफ्टवेअरच्या प्रसाराची एक प्रमुख रीत होती. पुढे मार्च 2021 मध्ये, ज्याच्या अखत्यारीत तळोज्याची ही वसाहत आहे, त्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्याच सर्व्हरांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला.

परीक्षकाचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लिनक्स सर्व्हरमध्ये दुरून प्रवेश करण्याची रूढ पद्धत म्हणजे एसएसएच. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यातून पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये ती निर्माण केली. तिचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असतात : सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याला थेट प्रवेश द्यावा की नाही, केवळ पासवर्ड पुरेसा मानावा की डिजिटल किल्लीची सक्ती करावी, कोणत्या खात्यांना मुभा असावी. नवशिका परीक्षक ही फाइल उघडतो, पासवर्ड-प्रवेश बंद असल्याचे वाचतो आणि समाधानाने पुढे जातो. परंतु अनेक सर्व्हरांवर मुख्य फाइलच्या आरंभीच पूरक फाइली वाचण्याचा आदेश असतो, आणि एसएसएचचा शिरस्ता असा की जो नियम प्रथम वाचला जाईल तोच ग्राह्य. त्यामुळे एखाद्या पूरक फाइलमध्ये पासवर्ड-प्रवेश चालू ठेवलेला असेल, तर मुख्य फाइलमधील मनाई व्यर्थ ठरते. म्हणून कसलेला परीक्षक प्रत्यक्ष लागू असलेली संपूर्ण मांडणी सर्व्हरकडूनच वदवून घेतो, नोकरी सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या अद्याप चालतात काय हे पाहतो, आणि प्रत्येक निष्कर्षाला पुरावा जोडतो.

या विद्येला कायद्याची मर्यादा आहे, आणि ती विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 अन्वये मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असता कलम 66 अन्वये तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या बाजूने, ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशान्वये ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची खबर सहा तासांत देणे आणि प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जतन करणे संस्थांना बंधनकारक केले असल्याने, नियम जाणणाऱ्या आणि नोंदी वाचू शकणाऱ्या माणसांची गरज वाढली आहे.

बारावीनंतर माहिती तंत्रज्ञानाची पदवी, संगणक अभियांत्रिकी किंवा पदविका, यांपैकी कोणताही मार्ग चालेल. मात्र लिनक्स आणि नेटवर्किंग यांचा पाया पक्का हवा. घरच्या साध्या संगणकावर दोन आभासी यंत्रे उभारून, एकातून दुसऱ्यात प्रवेश करीत, नियम बदलीत आणि त्यांचे परिणाम वहीत टिपीत राहिल्यास जे ज्ञान मिळते, ते महागड्या वर्गातही सहसा मिळत नाही. पदवीनंतर सी-डॅकचा माहिती तंत्रज्ञान पायाभूत सुविधा, प्रणाली व सुरक्षा या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम विचारात घेण्याजोगा आहे. ‘सिसा’ या नावाजलेल्या प्रमाणपत्राला परीक्षेबरोबरच कामाचा अनुभव लागतो. तेव्हा प्रथम सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काही वर्षे सर्व्हर सांभाळावेत आणि मग परीक्षणाकडे वळावे, हा क्रम हितावह.

पालकांनी नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर विसंबून कर्ज काढू नये. त्याऐवजी आपल्या मुलाचा स्वभाव न्याहाळावा. जो सांगितलेले प्रत्यक्ष पडताळून पाहतो, कंटाळवाणी यादीही शेवटपर्यंत तपासतो आणि अप्रिय सत्य वरिष्ठांपुढे सौजन्याने पण निःसंदिग्धपणे मांडू शकतो, त्याला या व्यवसायात मान आणि स्थैर्य दोन्ही लाभण्याची पुरेपूर शक्यता आहे. कारण परीक्षकाच्या सहीवर कारखाना भरवसा ठेवतो, आणि त्या भरवशावर शेकडो कामगारांची रोजी अवलंबून असते.