साक्षीची पारख

वाचन : अनुवाद १९:१५-१८, लूक १:१-४

'साक्ष' हा शब्द आपण मंडळीतही वापरतो आणि न्यायालयातही. मंडळीतील साक्ष आपण भक्तिभावाने ऐकतो. न्यायालयातील साक्ष पारखून घेतली जाते. पवित्र शास्त्रात हे दोन अर्थ इतके दूर नाहीत. दोघा-तिघांच्या साक्षीवाचून निर्णय करू नये व न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, असे नियमशास्त्र बजावते. लूकही प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या वृत्तान्ताचा मुळापासून शोध घेऊन मगच लिहावयास बसतो. समाजाने आपल्या एखाद्या दिवंगत माणसाचा असा शोध घेतला, तर काय घडते? दक्षिण आफ्रिकेतील एक उदाहरण पाहू.

अहमद तिमोल यांचा जन्म १९४१ साली ट्रान्सवालमधील ब्रेटन गावी झाला. त्यांचे वडील मूळचे गुजरातेतील खोलवडचे. अहमद हे मुसलमान, पेशाने शिक्षक आणि बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे गुप्त कार्यकर्ते होते. २२ ऑक्टोबर १९७१ रोजी जोहान्सबर्ग येथे पोलिसांनी त्यांची मोटार अडविली; तीत बेकायदा ठरविलेली पत्रके सापडली. पाच दिवसांनी 'जॉन व्होर्स्टर स्क्वेअर' या पोलीस इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून पडून त्यांचा अंत झाला. १९७२ च्या चौकशीने ही आत्महत्या ठरविली आणि कोणासही दोष दिला नाही.

सरकारी दप्तरात तोच शब्द राहिला. घरच्यांनी मात्र तो कधीच मान्य केला नाही. १९९६ मध्ये त्यांच्या वृद्ध मातोश्री हवा तिमोल यांनी सत्य व समेट आयोगापुढे आपले दुःख मांडले. घटनेच्या वेळी लहान बालक असलेले भाचे इम्तियाज काजी यांनी मोठेपणी जुनी कागदपत्रे मिळविली, मामांच्या सोबत्यांना गाठले आणि २००५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढेही त्यांनी पाठपुरावा सोडला नाही.

अखेर २०१७ मध्ये उच्च न्यायालयात चौकशी पुन्हा उघडली. तिमोल यांच्यासोबत पकडले गेलेले सलीम ईसॉप यांनी आपल्या छळाची हकीगत सांगितली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे घटना दुपारची होती; परंतु त्या दिवशी इमारतीच्या आसपास असलेल्या साध्या नागरिकांनी ती सकाळी घडल्याचे सांगितले. शरीरावरील काही जखमा पडण्यापूर्वीच्या आहेत, असे वैद्यकीय तज्ज्ञांनी दाखविले. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती बिली मोथले यांनी हा खून असल्याचा निर्णय दिला. २०१८ मध्ये माजी पोलीस जुवाव रॉड्रिग्ज यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. परंतु खटला उभा राहण्यापूर्वीच २०२१ मध्ये ते मरण पावले. सत्य नोंदले गेले, न्याय अपुरा राहिला.

यातून तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

पहिली, कुटुंबाचे प्रेम हे शोधाचे बळ होते, पुरावा नव्हे. आठवण, कागद आणि शरीरावरील खुणा यांचा मेळ बसला, तेव्हाच निकाल फिरला.

दुसरी, 'सकाळ की दुपार' एवढीशी आठवण क्षुल्लक वाटते. परंतु तिनेच अधिकृत कथनास तडा दिला. म्हणून साक्षीदारास विचारावे : आपण स्वतः काय पाहिले, आणि काय ऐकले?

तिसरी, माणूस होता तसाच लिहावा. तिमोल यांचा धर्म किंवा पक्ष आपल्याला सोयीचा नाही म्हणून झाकू नये. शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मृत शेजाऱ्यालाही लागू आहे.

साक्षीदार वृद्ध होतात. विचारावयाचे ते आजच विचारावे.

मननासाठी प्रश्न :
१. आपल्या गावात कोणाविषयीची नोंद चुकीची किंवा अपुरी राहिली आहे?
२. ती पारखण्यासाठी हयात असलेले दोघे-तिघे साक्षीदार कोण?
३. शोधाअंती आपल्या आवडत्या माणसाचा दोष आढळला, तर तो नोंदण्याची आपली तयारी आहे काय?