परसातला चोर (गीता, अध्याय ३, श्लोक १२)

आजचा श्लोक मी निवडलेला नाही, क्रमाने चाललोय म्हणून आला. निवडायचा असता तर आज नक्कीच टाळला असता. सकाळपासून माझ्या डोक्यात "चोर" हा एकच शब्द घोळत होता आणि श्लोकाच्या शेवटी नेमका तोच शब्द बसलाय: स्तेन.

आधी परसातली हकीकत सांगतो. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. मार्च संपत आला तेव्हा बर्फ एकदाचा वितळला आणि मी चहाचा कप घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. ब्लूबेरीच्या काटक्या तिरक्या छाटलेल्या होत्या, इतक्या स्वच्छ की सुरीने कापल्यात असं वाटावं. हे सशाचं काम. काही खुणा चक्क माझ्या गुडघ्याच्या वर होत्या. ससा काही उंच होत नाही. साचलेल्या बर्फावर बसून तो वरचं खातो. कुंपणाची थुजाची झाडं माझ्या खांद्यापर्यंत बोडकी आणि त्यावर हिरवीगार. तिथे हरणं येऊन गेली. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते डहाळी कापत नाही, ओढून तोडतं, आणि टोक फाटल्यासारखं दिसतं. गवतात दोन बोटं रुंदीच्या नागमोडी वाटा पडल्या होत्या. व्होल नावाचा आखूड शेपटीचा शेतातला उंदीर असतो, तो सगळा हिवाळा बर्फाखालून अशी ये-जा करतो. सर्व्हर पडल्यावर लॉग वाचावा तसं मी एकेक वाचत गेलो. खरं सांगतो, इथवर मजा येत होती.

मग सफरचंदापाशी आलो.

चार वर्षांपूर्वी आई सहा महिने आमच्याकडे होती तेव्हा तिने हे कलम लावलं. आता खोड मनगटाएवढं झालंय. जमिनीलगत, चार बोटं उंचीची साल सगळीकडून गोल कुरतडलेली, आणि पांढऱ्या लाकडावर बारीक दातांच्या रेघा.

ज्यांनी बाग केली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाणी लाकडातून वर चढतं, पण पानांनी बनवलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. गोल साल गेली की तो रस्ताच तुटतो. झाड लगेच मरत नाही. या वसंतात त्याला पालवी फुटेल, कदाचित फुलंही येतील. खाली मुळं मात्र उपाशी राहतात, आणि साठा संपला की झाड जातं.

दुपारी दुकानातून उंदीर मारायच्या औषधाचा डबा आणला आणि गॅरेजमध्ये ठेवला. रात्री पोथी उघडली तर हा श्लोक.

यज्ञाने तृप्त झालेले देव आपल्याला हवं ते देतात. त्यांचं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर. श्लोकाचा अर्थ एवढाच. "देव" म्हणजे कोण यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिलंय. मला मात्र आमच्या आजोबांचं ताट आठवलं. जेवायच्या आधी उजवीकडे पाणी फिरवून भाताच्या चित्राहुती घालायचे. मंत्रात नावं यमाची आणि चित्रगुप्ताची, खायच्या मुंग्या. पंचमहायज्ञांतला एक भूतयज्ञ आहे, म्हणजे इतर जिवांचा वाटा काढून ठेवणं. माझ्या परसात असा वाटा कुठे होता? फेब्रुवारी-मार्च हा इथल्या प्राण्यांचा सगळ्यात वाईट काळ. अंगावरची चरबी संपलेली असते आणि नवं गवत यायचं असतं. साल कोणी चवीने खात नाही हो. दुसरं काही उरलं नाही म्हणून खातात.

म्हणून आता हरणांना मका घालावा का? मलाही आधी तेच सुचलं. पण हिवाळ्यात हरणाच्या पोटातले जीवाणू काटक्या पचवायला सरावलेले असतात. एकदम मका पडला की पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी हरीण मरू शकतं. इथलं वन्यजीव खातंही सांगतं की खाऊ घालू नका. सतराव्या अध्यायात देश, काळ आणि पात्र पाहून दिलेलं दान सात्त्विक म्हटलंय. याचा अर्थ मी आजवर पात्र म्हणजे माणूस लायक आहे का, एवढाच घेत होतो. घेणाऱ्याला काय पचेल, हेही त्यातच आलं, असं आता वाटतं.

आणि औषध? ते रक्त गोठू देत नाही. उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोवर तो मंद होतो, घुबडाला आयता सापडतो, आणि विष पुढे जातं. व्होल कमी ठेवणारं तेच घुबड. डबा दुसऱ्या दिवशी दुकानात परत दिला. पावती होती म्हणून बरं.

चूक कुणाची, हेही लिहायला हवं. खोडाभोवती पाव इंची जाळी शरद ऋतूतच लावायची असते. नोव्हेंबरमध्ये आमचं रिलीज होतं, राहून गेलं. वर लाकडाच्या भुश्याचा ढीग खोडाला चिकटवून ठेवला होता, म्हणजे उंदराला घर मीच बांधून दिलं.

रविवारी साताऱ्याला फोन लावला. आईला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती.

"मुळं जिती आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग बघ की काहीतरी. आणि छाटलेल्या फांद्यांचं काय करतोस?"

"कागदी पिशव्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत देतो."

"सगळ्या? अरे, मग त्यांनी खायचं काय? टाकायच्या की एका कोपऱ्यात."

नंतर वाचलं तर इथले जुने बागवालेही हेच करतात. हिवाळ्याच्या अखेरीस सफरचंदाची छाटणी झाली की फांद्या लांब कोपऱ्यात पसरून ठेवतात. ससे आधी त्या सोलतात. मी चार वर्षं हा वाटा पैसे देऊन उचलून नेववत होतो.

झाडासाठी एक उपाय आहे. त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या जखमेच्या खाली आणि वर सालीत खोचायच्या, म्हणजे तुटलेल्या रस्त्यावर पूल होतो. जगेल असं नाही. काड्या झोपेत असतानाच कापाव्या लागतात, म्हणून कापून ठेवल्यात. ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी आहेत, आणि घरात त्यावरून दोनदा बोलणी खाऊन झालीत. एप्रिलच्या अखेरीस साल सुटायला लागली की लावून बघणार.

उद्या श्लोक १३.