ज्येष्ठांमधील नैराश्य आणि समुदायाचा आधार

१. प्रस्तावना



"आईचं आता वय झालंय. फारशी बोलत नाही, जेवणावर वासना नाही. पण या वयात असं व्हायचंच." हे वाक्य आपण अनेक घरांत ऐकले असेल. कदाचित आपल्याच घरात, आपल्याच तोंडून ते निघाले असेल. प्रस्तुत घटकाचा विषय या वाक्यातील शेवटचा शब्द आहे. 'व्हायचंच' असे म्हटले की तपासणीची गरज उरत नाही, उपचाराचा प्रश्नच निर्माण होत नाही. वस्तुतः वार्धक्य आणि नैराश्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुसंख्य वृद्ध व्यक्ती नैराश्यग्रस्त नसतात आणि ज्यांना नैराश्य येते त्यांतील बरेच जण उपचाराने सावरतात. मात्र त्यासाठी कोणाच्या तरी ते आधी लक्षात यावे लागते.

२. न ओळखले जाणारे दुखणे

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील वृद्धत्वाचे एक विस्तृत सर्वेक्षण केले. 'लासी' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. ६० वर्षे व त्यापुढील व्यक्तींपैकी केवळ ०.८ टक्के व्यक्तींनी, आपल्याला नैराश्याचे निदान झाले असल्याचे सांगितले. परंतु लक्षणांवर आधारित प्रश्नावली वापरली असता हेच प्रमाण ८.३ टक्के आढळले. म्हणजे साधारणतः दहा जण त्रासात असतील, तर त्यांपैकी एकाच्याच त्रासाला नाव मिळालेले असते. या पाठातील पुढील सर्व विवेचन उरलेल्या नऊ जणांविषयी आहे, असे समजावे.

हे नऊ जण नजरेतून का निसटतात? एक कारण भाषेत आहे आणि मराठीचे विद्यार्थी म्हणून आपण त्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडील वृद्ध माणूस 'मी उदास आहे' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, 'अन्न गोड लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'अंगात त्राण नाही', 'कशात मन लागत नाही', 'आता कुणासाठी राहायचं?' यांतील पहिली तीन वाक्ये दवाखान्यात शरीराची तक्रार म्हणून नोंदली जातात आणि टॉनिकची बाटली मिळते. उरलेली दोन घरात वैतागाचे बोलणे म्हणून दुर्लक्षिली जातात. काही वृद्धांमध्ये तर दुःखाऐवजी चिडचिड किंवा विसराळूपणाच ठळक दिसतो. त्यांना स्मृतिभ्रंश झाला, असे घरच्यांना वाटू लागते.

जोडीदार गेल्यावर होणारे दुःख हा आजार नव्हे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतांश वेळ, मन खिन्न राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस नाहीसा होणे, आणि सोबत झोप, भूक, हालचाल, एकाग्रता यांत बिघाड, स्वतःला ओझे समजणे, मरणाचे विचार ही लक्षणे दिसल्यास नैराश्याची शंका घ्यावी. १९८० च्या दशकात अमेरिकेत जेरोम येसावेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी एक स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत 'होय' किंवा 'नाही' अशी उत्तरे द्यावयाचे १५ प्रश्न आहेत. तिच्यात झोप, भूक, वजन यांविषयीचे प्रश्न हेतुतः टाळले आहेत. कारण उतारवयात या तक्रारींना इतरही अनेक कारणे असतात. अशी प्रश्नावली फक्त शंका दृढ करते, निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा आधीपासून चालू असलेली एखादी गोळी यांमुळेही असेच चित्र दिसू शकते.

३. गोव्यातील एक अभ्यास

नैराश्य जडल्यावर उपचार करण्यापूर्वीच ते रोखता येईल का? गोव्यातील प्राथमिक आरोग्यसेवेत झालेल्या एका अभ्यासाने या प्रश्नाला हात घातला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ६० वर्षांवरील १८१ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. त्यांना काही लक्षणे होती, पण पूर्ण स्वरूपाचे नैराश्य अद्याप आलेले नव्हते. एका गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. दुसऱ्या गटाला समुपदेशक भेटत राहिले. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. वर्षभरात नेहमीच्या सेवेतील ९० पैकी १३ जणांना नैराश्य जडले, तर समुपदेशक भेटलेल्या ९१ पैकी ४ जणांना. संख्या लहान आहेत, हे खरे. तरीही फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या समुपदेशकांनी नेमके काय केले, हे आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. त्यांनी अडचण सोडवण्याची रीत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यावी ते सांगितले आणि वैद्यकीय व सामाजिक योजनांचा लाभ मिळवण्यास साहाय्य केले. 'धीर धरा, देवाचं नाव घ्या' एवढ्यावर हे काम थांबले नाही.

अडचण सोडवण्याची रीत एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. समजा, सत्तरीतील एक विधवा आजी म्हणतात, "माझं कुणी राहिलं नाही." या वाक्यावर थेट उपाय नाही. समुपदेशक शांतपणे विचारत राहतो आणि हळूहळू कळते की श्रावणबाळ योजनेचे पैसे तीन महिने जमा झालेले नाहीत. कष्टाने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रावर अंगठा उमटत नाही. बँकेत दोनदा परत पाठवल्यापासून आजींनी घराबाहेर पडणेच सोडले आहे. आता हाती एक ठोस अडचण आली. तिच्यावरचे शक्य ते मार्ग आजींनीच सुचवायचे: भाच्याला सोबत न्यायचे, तलाठी कार्यालयात विचारायचे किंवा पडताळणीचा दुसरा मार्ग बँकेला विचारायचा. प्रत्येक मार्गाची सोय-गैरसोय तोलून एक निवडायचा, वार ठरवायचा आणि पुढील भेटीत काय झाले ते पाहायचे. पैसे मिळाले म्हणून एकटेपण संपत नाही. परंतु 'माझ्याने काही होत नाही' ही समजूत ढळते आणि नैराश्याचे मूळ बहुधा त्या समजुतीत असते. येथे एक पथ्य पाळावे. भाच्याने परस्पर जाऊन काम उरकले, तर पैसे येतील, पण समजूत आहे तशीच राहील.

झोपेबाबतचा सल्ला साधाच आहे. रोज ठरावीक वेळी उठावे, दुपारची डुलकी आवरती घ्यावी, संध्याकाळनंतर चहा टाळावा आणि झोप येत नसल्यास अंथरुणात तळमळत न पडता उठून बसावे. टीव्हीसमोर दिवसभर पेंगणाऱ्या माणसाला रात्री झोप येत नाही, हे घरच्यांना समजावणेच अधिक कठीण जाते.

४. कट्ट्यावरची रिकामी जागा

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, भजनी मंडळे, हरिपाठाचे वर्ग, देवळाचे पार आणि उद्यानांतील कट्टे यांची वाण नाही. त्यांचे मोल मोठे आहे. तथापि एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते. सहलीला येतो, वाढदिवसाला गाणे म्हणतो, तो सभासद बहुधा बरा असतो. नैराश्याची पहिली खूणच अशी की माणूस येईनासा होतो. कार्यक्रमांची संख्या वाढवून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून संघाच्या दृष्टीने हजेरीची वही कार्यक्रमपत्रिकेहून उपयुक्त ठरते. सलग दोन आठवडे कोण आले नाही ते पाहावे आणि एकाच ठरावीक व्यक्तीने त्यांच्या घरी जावे. दर वेळी नवा चेहरा गेला की तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते आणि मग माणूस सांगणेच सोडून देतो.

भेटीत काय बोलावे, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. उपदेश नसावा. 'तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत' ही तुलना तर मुळीच नसावी. दिवस कसा गेला ते विचारावे आणि एखादे छोटे काम मागावे: नातवाला पाढे शिकवणे, मंडळाचा हिशेब तपासणे, लोणच्याचे प्रमाण सांगणे. दूरच्या शहरातून मुलगा रोज फोन करतो, पण संभाषण 'गोळ्या घेतल्या का?' याच्यापुढे सरकत नाही. सल्ला विचारणारा एक फोन अशा दहा फोनांना भारी ठरतो.

काही एकटेपण समाजच लादतो. विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणे, मंगलकार्यात मागे बसवणे, हे तिला वर्षानुवर्षे 'तू नकोस' असे सांगण्याचेच प्रकार आहेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. आरोग्यविषयक पुस्तकांत या ठरावाचा उल्लेख क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो नैराश्य-प्रतिबंधाच्या प्रकरणातच असावयास हवा.

५. डॉक्टरांचे काम, शेजाऱ्यांचे काम

समुदायाचा आधार हा औषधाला पर्याय नव्हे. माणूस जेवण सोडत असेल, कोणी नसताना आवाज ऐकत असेल किंवा मरणाविषयी बोलत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा हायसेच वाटते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि घरातील कीटकनाशके व जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार सामान्यतः तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात मळमळ होते, फायदा जाणवत नाही आणि रुग्ण गोळी बंद करतो. याच काळात शेजारी, आशा कार्यकर्ती किंवा संघातील सोबती यांची खरी गरज असते. वृद्धांमध्ये काही गोळ्यांमुळे रक्तातील सोडियम घटू शकते. एकाएकी गोंधळल्यासारखे वाटल्यास किंवा तोल जात असल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. बरे वाटू लागल्यावर गोळ्या परस्पर थांबवू नयेत.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील वृद्ध व्यक्ती मनाचा त्रास कोणत्या शब्दांत सांगतात? अशी दहा वाक्ये आपल्या बोलीत जशीच्या तशी लिहा. त्यांतील कोणती वाक्ये डॉक्टर शारीरिक तक्रार समजतील, ते सांगा.

२. पूर्वी नियमित दिसणारी, पण अलीकडे देवळात, कट्ट्यावर वा बाजारात न दिसणारी एक व्यक्ती आठवा. तिच्याकडे जाऊन या. वहीत तिचे नाव लिहू नका. कोणती अडचण सोडवण्याजोगी निघाली आणि त्यावरचा मार्ग कोणी सुचवला, आपण की त्यांनी, एवढेच नोंदवा.