बंद पडलेल्या संगणकाचे सुटे भाग : पारख व पुनर्वापर

शाळेतील संगणक बंद पडला म्हणजे तो समूळ निकामी झाला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः संगणक हा अनेक स्वतंत्र भागांचा समुच्चय होय. त्यातील एक भाग गेला, तरी इतर भाग बहुधा धडधाकट राहतात. दोन बंद यंत्रांतून एक चालू यंत्र उभे राहिले, तर एकेका यंत्राभोवती ताटकळणाऱ्या मुलांची मोठीच सोय होते. मात्र या कामी एक तत्त्व नित्य ध्यानी असावे : जे खोबणीत बसते, ते जुळतेच असे नाही.

इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स ही मापपद्धती प्रसिद्ध केली. मदरबोर्ड, कॅबिनेट व वीज पुरविणारा एसएमपीएस यांची मापे तीत ठरविली गेली, आणि एका उत्पादकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसू लागला. परंतु संपूर्ण यंत्र स्वतः बांधून विकणाऱ्या नामांकित कंपन्या ही मापे सर्वस्वी पाळतातच असे नाही.

याचे बोधप्रद उदाहरण डेल कंपनीच्या यंत्रांत सापडते. १९९८ च्या सुमारास या कंपनीच्या काही संगणकांत २० पिनांचा वीज-कनेक्टर असे. बाहेरून तो हुबेहूब एटीएक्ससारखा. आतील तारांचा क्रम मात्र निराळा. असा एसएमपीएस सर्वसाधारण मदरबोर्डास लावल्यास भलत्या जागी भलताच दाब पोहोचतो व चांगला मदरबोर्ड जळण्याचा संभव असतो. एक भाग वाचविण्याच्या नादात दुसरा गमवावा लागतो, तो असा. पुढे ऑप्टिप्लेक्स ९०२० या यंत्रात याच कंपनीने ८ पिनांचा कनेक्टर घातला. तो उघडच वेगळा दिसत असल्याने फसगत होत नाही. परंतु योग्य जोडतारेवाचून बाजारातील एसएमपीएस त्यास लागत नाही.

प्रोसेसरचीही हीच गत. २०१७ साली निघालेले इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डावरील ११५१ संपर्कांच्या बैठकीत बसतात. पण त्यावर चालावेत अशी त्यांची योजना नाही. रॅमच्या बाबतीत मात्र योजकांनी दक्षता घेतली आहे. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीस २४० व डीडीआर४ पट्टीस २८८ संपर्क असून दोहोंची खाच निरनिराळ्या ठिकाणी असते. म्हणून पट्टी सहज बसत नसेल, तर जोर करू नये. खाच काय सांगते ते पाहावे. साटा जोडणीची हार्ड डिस्क मात्र कंपनी कोणतीही असली तरी बहुधा निर्वेधपणे उपयोगी पडते.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. जडसंग्रह नोंदवहीतील वस्तू निर्लेखनाची मंजुरी मिळाल्याखेरीज उघडू नये.
२. वीजतार काढून काही वेळ थांबावे. एसएमपीएसची पेटी कदापि खोलू नये. तार काढल्यावरही तीत विद्युतभार साठून राहतो.
३. भाग हाती घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थितिक वीज निघून जाते.
४. प्रत्येक तार काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे व भागावर चिठ्ठी लावावी.
५. भागावरील क्रमांक वाचून उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. वीज-कनेक्टरविषयी शंका राहिल्यास तो एसएमपीएस वापरू नये.
६. एका वेळी एकच भाग बदलून यंत्र चालवून पाहावे. म्हणजे दोष कोठे आहे ते कळते.

जुन्या हार्ड डिस्कवर विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व गुण असू शकतात. आवश्यक ती माहिती दुसरीकडे उतरवून घेऊन डिस्क पूर्णपणे पुसावी, मगच ती दुसऱ्या यंत्रात घालावी. उरलेले निरुपयोगी भाग भंगारात देऊ नयेत वा जाळू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पोहोचले पाहिजेत.

वरच्या वर्गातील मुलांसमोर हे काम शिक्षकांनी स्वतः करून दाखवावे. हात घालण्यापूर्वी वाचावे, जोडण्यापूर्वी ताडावे, ही सवय मुलांस लागली, तर जुन्या यंत्राचा तो सर्वांत मोठा पुनर्वापर ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न
१. दोन कनेक्टर दिसावयास सारखे असूनही ते परस्परांऐवजी का वापरू नयेत?
२. रॅमच्या पट्टीवरील खाचेचा उपयोग काय?
३. एका वेळी एकच भाग का बदलावा?