स्वनिर्मित विमाने आणि इंजिनाचा शीतक पंखा

स्वतःच्या हातांनी विमान बांधण्याच्या छंदास अमेरिकेत दीर्घ परंपरा आहे. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी विमानबांधकांची संघटना स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा त्याच राज्यातील ऑशकॉश येथे भरू लागला. महाराष्ट्रासही हा विषय परका नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडण्यात आले होते आणि २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली.

पंख्याची गरज

अशा अनेक लहान विमानांत पाण्याने थंड होणारी इंजिने बसवितात. विमान वेगाने उडत असताना रेडिएटरमधून पुरेशी हवा वाहते. परंतु धावपट्टीकडे संथ गतीने जाताना किंवा उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहत उभे असताना हवेचा झोत अपुरा पडतो. त्यासाठी काही बांधक मोटारगाडीप्रमाणे विजेचा पंखा बसवितात. तो बंद पडल्यास इंजिन आधीच तापलेल्या स्थितीत विमान उड्डाण करते आणि इंजिनावर सर्वाधिक भार नेमका त्याच क्षणी येतो. मोटारगाडी रस्त्याच्या कडेला थांबविता येते. नुकत्याच उडालेल्या विमानास ती सोय नसते.

जनित्राची मर्यादा

रोटॅक्स ९१२ या प्रचलित इंजिनातील अंगभूत जनित्राची कमाल क्षमता सुमारे २५० वॅट, म्हणजे साधारण १८ अँपिअर आहे. पंखा १५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर रेडिओ, दिवे व इंधनपंप यांसाठी फारच थोडी वीज उरते. शिवाय ही क्षमता इंजिन पूर्ण वेगात असतानाची होय. इंजिन मंद चालते तेव्हा जनित्राची वीज घटते आणि पंख्याची गरज तर त्याच वेळी असते. साहजिकच तो भार बॅटरीवर पडतो. यास्तव विजेचा जमाखर्च बांधणीपूर्वीच मांडणे आवश्यक ठरते.

सैल जोडाचा हिशेब

बहुतेक दोष मोटारीत नसून जोडांत असतात. एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम आहे असे समजू. त्यातून १५ अँपिअर प्रवाह गेल्यास ओहमच्या नियमानुसार १.५ व्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो व पंखा मंदावतो. त्याच जोडात २२.५ वॅट उष्णता निर्माण होते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत एवढी उष्णता साठली, तर प्लॅस्टिकचे आवरण वितळू लागते.

हा दोष सहजी सापडत नाही, कारण पंखा बंद असताना मोजल्यास दाब पूर्ण दिसतो. प्रवाह नसेल तर दाबातील घटही नसते. म्हणून पंखा चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंमधील दाब मोजावा.

परतीचा मार्ग व संरक्षण

मोटारगाडीत प्रवाह लोखंडी सांगाड्यातून परततो. काचतंतूंच्या विमानाचा सांगाडा वीजवाहक नसल्याने बॅटरीपर्यंत तितक्याच जाडीची परतीची तार टाकावी लागते. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तो लहान बटणातून नेल्यास त्याचे संपर्कबिंदू जळतात किंवा एकमेकांस चिकटतात. म्हणून रिलेची योजना करतात. फ्यूज हा पंख्याच्या नव्हे, तर तारेच्या रक्षणासाठी असतो. तो वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज घातल्यास फ्यूजऐवजी तारच जळेल.

पंख्याच्या बटणावरील दिवा लागला म्हणजे पंखा फिरला असे नव्हे. दिव्यापर्यंत वीज पोहोचली, एवढेच त्यावरून कळते. खरी साक्ष पाण्याचे तापमान दाखविणारे मापक देते.

शाळेसाठी व गावासाठी

विद्यार्थ्यांना ओहमचा नियम समजावून देण्यास वरील उदाहरण उपयुक्त ठरावे. गावातील पाणीपुरवठ्याच्या पंपासही हेच नियम लागू होतात. सैल जोड, बारीक तार आणि फ्यूजच्या जागी गुंडाळलेली जाड तार यांचे परिणाम तेथेही तेच होतात. मात्र गावातील विजेचा दाब प्राणघातक असल्याने ती तपासणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावी. बिघाडाची वाट न पाहता जोडांची नियमित पाहणी करणे, हाच यातील स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय.