आळस नव्हे, शंका : इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष

बारावीपर्यंत वस्तीत हुशार म्हणून नाव असलेली मुलगी इंजिनिअरिंगला जाते. दिवाळी येते तरी ड्रॉइंगची शीट कोरी, असाइनमेंट थकलेल्या आणि हातात मोबाईल. घरचे म्हणतात, "आळशी झाली पोरगी." आम्हाला हे निदान बहुतेक वेळा चुकीचे वाटते. आणि निदान चुकले की उपचारही चुकतो.

धम्मात मनाचे पाच अडथळे, म्हणजे पंच नीवरणे सांगितली आहेत. त्यांत सुस्ती, म्हणजे थीनमिद्ध, हे एक. विचिकिच्छा, म्हणजे शंका, हे त्याहून वेगळे. मूळ अर्थाने ही मार्गाबद्दलची शंका, विद्यार्थ्याच्या बाबतीत ती "हे आपल्याला जमणार का?" अशी येते.

पहिल्या वर्षी या शंकेला खाद्य भरपूर मिळते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासमोर मेकॅनिक्स एकदम इंग्रजीत येते. कोणी सीईटीचे मार्क विचारतो, त्यामागचा खरा प्रश्न "कोणत्या कोट्यातून?" हा असतो. (प्रवेश कसाही मिळो, विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आणि पास होण्याचे गुण सर्वांना सारखेच असतात, हे मुलांना घरातून सांगा.) मग एम-वनचे पहिले गणित अडले की मन म्हणते, "बघ, ते खरंच बोलत होते." पुस्तक मिटले की लगेच बरे वाटते. खरी गोची इथेच आहे. टाळले की सुटका होते हे मन शिकते आणि पुन्हा टाळते. काम साचते, भीती वाढते. त्यात घरी "एवढे पैसे घातले" असे बोलले की भीती दुप्पट होते.

आत्मविश्वास आला की अभ्यासाला बसू, असे मुले म्हणतात. तो आधी येत नाही. थोडे काम झाल्यावर येतो. म्हणून सुरुवात लहान करावी. आज शीटवर फक्त बॉर्डर आणि टायटल ब्लॉक आखायचा. सोडवलेले एक गणित झाकून स्वतः करून पाहायचे. पंचवीस मिनिटे, मोबाईल आईकडे. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असताना हे होत नाही. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा, नाहीतर विहारातली अभ्यासिका आहेच. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून फाईल उतरवण्यापेक्षा सात-आठ तासांची झोप जास्त कामाची.

केटी लागली म्हणजे सगळे संपले नाही. किती विषयांवर पुढच्या वर्षात जाता येते याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारावेत. बाबासाहेबांनाही शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून यावे लागले होते. १९२० मध्ये ते परत गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तो त्यांनी सुधारून दिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, कॉलेजला जाणेच बंद झाले असेल, तर हा नुसत्या टाळाटाळीचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना दाखवा. "माझा काही उपयोग नाही", "जगून काय करू" असे शब्द आले तर दोन आठवडे थांबू नका, त्याला एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी मदत घ्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. फोन आईवडिलांनी केला तरी चालतो.